दहा तारखेची मनीऑर्डर

आपल्या मंडळातल्या बहुतेकांच्या फोनवर भारतात पैसे पाठवायचे एखादे ॲप असतेच. रक्कम घातली, बटण दाबले, की चहा निवायच्या आत आईच्या किंवा सासऱ्यांच्या खात्यात पैसे जमा होतात. या सोयीची एक पणजी आहे. तिचे नाव मनीऑर्डर. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी हा शब्द फार तर एखाद्या जुन्या मराठी सिनेमात ऐकला असेल. पण शंभराहून अधिक वर्षे कोकणातली असंख्य घरे या एका कागदावर चालली. घरात शब्द कोणाचा चालायचा, लग्न कुठे लावायचे, सणाला कुठे जायचे, छपरावर गवत घालायचे की कौले, अशा किती तरी गोष्टी त्या कागदाने ठरवल्या. पैसा कसा येतो आणि कसा जातो यावरून माणसांच्या चालीरीती कशा घडतात, हे पाहायला याहून चांगले उदाहरण मराठी माणसाला शोधावे लागणार नाही.

बोट, गिरणी आणि टपाल

दूर गावी पैसे पाठवायची सोय आपल्याकडे पूर्वीपासून होती. तिला हुंडी म्हणत. पण हुंडी होती व्यापाऱ्यांची आणि सावकारांची. ज्याची बाजारात पत आहे, त्याच्याच नावाला तिथे किंमत. महिना दहा-पंधरा रुपये मिळवणाऱ्या गड्याने हुंडी कोणावर लिहावी आणि त्याच्या खेड्यात ती कोणी वटवावी? असा माणूस गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या कनवटीला पैसे बांधून देई आणि देवाचे नाव घेई.

१ जानेवारी १८८० रोजी टपाल खात्याने मनीऑर्डरचे काम आपल्या हातात घेतले आणि हे चित्र पालटले. आता पत लागत नव्हती, ओळख लागत नव्हती. मुंबईच्या टपाल कचेरीत पैसे आणि फॉर्म द्यायचा. काही दिवसांनी पोस्टमन गावातल्या ओटीवर येऊन रोख रक्कम मोजून देई. घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पावती पुन्हा मुंबईला परत येई. लिहिता न येणाऱ्यांसाठी मुंबईच्या मोठ्या पोस्टासमोर, कबुतरखान्याजवळ, पत्रे आणि फॉर्म लिहून देणारे लेखनिक बसलेले असत. फॉर्मच्या खालच्या भागात निरोपापुरती थोडी जागा असे. त्या जागेत चार ओळी मावत. ‘पैसे पोचल्याचे कळवा’, ‘बैलाचे बघा’, ‘गणपतीला येतो’. अनेक संसारांचा सगळा पत्रव्यवहार एवढाच.

हा कागद कोकणातच एवढा का रुजला? कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या काही दशकांत ताडदेव, परळ, लालबागपर्यंत धुराडी उभी राहिली. तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग त्यात होता) जमीन कातळाची, पीक पावसाळ्यातले एकच, आणि त्यातलाही वाटा खोताचा. खोत म्हणजे सरकारासाठी गावाचा सारा वसूल करणारा. कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा हिस्सा त्याच्या घरी जाई. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडावे लागले. घरचे भात वर्षभर पुरत नव्हते, आणि बंदरातून आगबोटीत बसले की मुंबई जवळ होती. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

हे झाले चाकरमानी. या शब्दातच सगळी व्यवस्था आहे. माणूस चाकरीला मुंबईत, पण ओळख गावची.

दहा तारीख

गिरणीत पगार महिन्याने मिळे, तोही महिना संपल्या संपल्या नाही. एका महिन्याच्या कामाचे पैसे पुढचा महिना अर्धा सरत आल्यावर हातात पडत. नवीन लागलेल्या माणसाने ते सहा आठवडे काय खायचे? वाण्याकडे उधारी, खाणावळीत उधारी, आणि त्याहून अधिक लागले तर गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा असलेला पठाण सावकार. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास दर. ऐकायला एक आणा. पण सोळा आण्यांवर वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५ टक्के. पुढे १९३६ चा कायदा आला आणि मोठ्या कारखान्यांना दहा तारखेच्या आत पगार देणे बंधनकारक झाले. गिरणगावाच्या बोलण्यात दहा तारीख बसली ती तेव्हापासून. त्या दिवशी वाण्याची वही, खाणावळीचे पैसे, भिशीचा हप्ता, सावकाराचे व्याज आणि मनीऑर्डर, सगळे एका हातातून सुटत असे.

त्यातही सगळ्यांचा पगार सारखा नव्हता, आणि तो फरक नुसत्या कसबाचा नव्हता. कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एकाच गावातून एकाच बोटीने आलेल्या दोन माणसांच्या मनीऑर्डरी कमी-जास्त का असत, याचे एक उत्तर या धोट्यात आहे. गावची उतरंड शहराच्या पगारपत्रकात उतरली आणि पगारपत्रकातून पुन्हा गावी गेली.

दान नव्हे, विमा

मनीऑर्डरकडे आपण बहुधा मायेच्या नजरेने पाहतो. मुलगा आईला पैसे पाठवतो, नवरा बायकोला. माया होतीच. पण माया सगळीकडेच असते, आणि मनीऑर्डर शंभर वर्षे न चुकता का गेली, याचे कारण तेवढ्याने कळत नाही.

गिरणी कामगाराला म्हातारपणी पेन्शन नव्हती. आजारपणात पगार नव्हता. कामगार विम्याचा कायदा १९४८ चा आणि भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे ज्याला गिरणगावात नुसते ‘फंड’ म्हणत, तो १९५२ चा. त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षे आजारपण, बेकारी आणि म्हातारपण या तिन्हींवर एकच उपाय होता, तो म्हणजे गाव. टीबी झाला की गाव. काम सुटले की गाव. हात थरथरू लागले की गाव. गावच्या घरात आपला कोनाडा आणि शेतात आपला वाटा शाबूत राहावा म्हणून दरमहा पाठवायचे ते पैसे म्हणजे एका अर्थी विम्याचा हप्ता होता.

हा विमा कामाला आला त्याची साक्ष इतिहासात आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने संपामुळे बंद होत्या. पगार नसताना एवढा काळ माणसे तगली कशी? युनियनची मदत होती, वाण्यांची उधारी होती, आणि हजारो कामगार सरळ गावी निघून गेले होते. एरवी मुंबईचा पैसा गावाला पोसत होता, संपात गावच्या भाताने मुंबईचा लढा पोसला. मनीऑर्डर उलट्या दिशेनेही वाहत होती, फक्त तिला फॉर्म नव्हता.

एकदा हे ध्यानात आले की किती तरी चालीरीतींचा उलगडा होतो. खोली मुंबईत, पण लग्न गावात, कारण सोयरीक म्हणजे त्याच विम्यातले नवे भागीदार. भाऊ चार ठिकाणी पांगले तरी घर सामायिक आणि गणपती एकच, मूळ घरातला. शिमग्याला पालखी दारात येणार तर घर उघडे पाहिजे. सातबाऱ्यावर नाव पाहिजे, मग वाट्याला दोन गुंठे का येईनात. ज्याने सणाला तोंड दाखवले नाही आणि वर्गणी दिली नाही, त्याला अडचणीच्या दिवशी गावात उभे राहायला संकोच वाटे. गणपतीला जाणे ही भक्ती होती, हौस होती, आणि सभासदत्वाचे नूतनीकरणही होते.

ओटीवरची बाई

पुरुष मुंबईत आणि शेती गावात, तेव्हा नांगरटीचा एखादा गडी सोडला तर लावणी, बेणणी, गुरे, म्हातारी माणसे, मुलांची शाळा, देवाधर्माचे सगळे बायकांवर. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या कायम जास्त राहिली. अगदी २०११ च्या जनगणनेतही तिथे दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. हा आकडा मनीऑर्डरची सावली आहे.

पण कष्ट सुनेचे असले तरी मनीऑर्डर बहुधा सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर येई. घरात पैसा कोणाच्या हातात पडतो यावर घरातला मान ठरतो. ज्या दिवशी पोस्टमनने पहिल्यांदा सुनेचे नाव पुकारले, त्या दिवशी त्या घरात काही तरी बदलले. अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून अक्षरे गिरवणाऱ्या बायकाही झाल्या. निरोपाच्या चार ओळी पोस्टमनकडून सगळ्या ओटीसमोर वाचून घेण्यापेक्षा आपल्या आपण वाचता याव्यात, याहून मोठे साक्षरतेचे कारण कोणते? अण्णा भाऊ साठे यांच्या प्रसिद्ध छक्कडीत गावावर राहिलेल्या मैनेसाठी मुंबईतला गडी झुरतो. त्या मैनेच्या बाजूने कोणी छक्कड लिहिली असती तर तिच्यात विरहाबरोबर हिशेबही आला असता.

मुंबईच्या बाजूला दुसरी एक बाई उभी राहिली, ती खाणावळवाली. एकट्या पुरुषांच्या या शहराला घरचे जेवण हवे होते. पैसे मिळायचे महिन्याने, तोवर धान्य-मसाला वाण्याकडून उधार आणून तिने वीस-पंचवीस माणसांना जेवू घालायचे. एकाने पैसे बुडवले की तिच्या मुलांच्या ताटात फरक पडे. या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून द्यायचे, या विचाराने प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तारण म्हणून ठेवायला या बायकांकडे काही नव्हते. त्यांनी गट केले आणि एकमेकींची हमी घेतली. शेजारणीचा शब्द हीच त्यांची पत झाली.

बैठकीची खोली

चाळीतली बैठकीची खोली हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची. दिवसपाळीचे रात्री झोपायचे, रातपाळीचे दिवसा. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि महिन्याची ठरलेली वर्गणी. कोण्या गावची खोली एका जातीची, कोण्या गावची एका वाडीची, हेही खरे. पण त्या वर्गणीतून पेटी तयार झाली. पेटीतून आजाऱ्याचे बोटीचे भाडे निघे, मयताचा खर्च निघे, आणि उरलेले गावच्या कामाला जात. देवळाचे पत्रे, शाळेची खोली, विहिरीचा कठडा. कोकणातल्या किती तरी देवळांत आजही फरशीवर देणगीदारांची नावे आणि रुपये ५१, रुपये १०१ असे आकडे कोरलेले दिसतात. त्यांतले पुष्कळसे ‘मुंबईकर’.

पेटीला पैसा कमी पडला तेव्हा कला मदतीला आली. गावचे नमन, जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार हे सगळे मुंबईच्या नाट्यगृहांत होऊ लागले. परळचे दामोदर हॉल त्यांतले जुने ठिकाण. तिकीट लावायचे आणि येणारे पैसे गावच्या शाळेला किंवा देवळाला. गावात देवापुढे रात्रभर चालणारा खेळ तिकिटामुळे ठराविक वेळात बसवावा लागला, त्यात मुंबईचे विनोद आले, वाद्ये आली, प्रकाशयोजना आली. गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली आले आणि मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर हाऊसफुल्ल चालू लागली. त्यामागे गिरणगावात घडलेला हा रसिक होता. तो तिकीट काढून आपल्या बोलीत हसायला तयार होता.

दिवाळीचेही तसेच. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मालकांनी काही वर्षे बोनस दिला, आणि १९२३ चा बोनस नाकारला तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या संपाने बंद पडल्या. मालक म्हणत ही बक्षिसी आहे, कामगार म्हणत हा आमच्या राहिलेल्या मजुरीचा भाग आहे. हा वाद पुढे चाळीस वर्षे चालून १९६५ साली बोनसचा कायदा झाला. नंतर किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या बारा पगारांवर एक. आपण लहानपणी ‘बोनस झाला की घेऊ’ हे वाक्य ऐकत वाढलो. नवे कपडे, तांब्याचा बंब, सोन्याच्या चार मण्यांची भर, गावच्या घराची कौले, सगळे त्या वाक्यात ताटकळत उभे असे. आपल्या आठवणीतली दिवाळी एवढी झगमगीत आहे ती पणत्यांइतकीच त्या एका पगारामुळे.

पैसा थांबला तेव्हा

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. जुन्या सवयीने माणसे गावी गेली, कारण गाव हा विमा होता. पण विमा काही महिन्यांचा असतो, आयुष्यभराचा नसतो. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, आणि त्यांच्या जमिनींवर पुढे मॉल आणि टॉवर उभे राहिले. दहा तारीख आली तरी कित्येक ओट्यांवर पोस्टमन आला नाही. २०१५ साली टपाल खात्याने जुनी मनीऑर्डरही बंद केली.

नात्याचा आधार पैसाच होता असे म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने गाव आणि मुंबईचा दोरा इथे तुटायला हवा होता. काही घरांचा तुटलाही. कोकणात फिरताना कुलूप लावलेली, अंगणात रान माजलेली घरे दिसतात. पण गणपतीच्या जादा गाड्यांचे आरक्षण आजही बघता बघता संपते. त्या गाड्यांत बसलेल्या पुष्कळांना गावच्या भाताची गरज नाही, गावाला त्यांच्या पैशाची पूर्वीसारखी गरज नाही.

मग काय टिकले? मला दिसते ते असे. जो पैसा एका माणसाने एका माणसाला पाठवला, त्याने घर चालवले, पण पाठवणारा किंवा घेणारा गेला की तो थांबला. जो पैसा दहा जणांनी मिळून पेटीत टाकला, त्याने देऊळ बांधले, शाळा बांधली, नमन बसवले. गिरणी गेली तरी मंडळ राहिले. ज्या आजोबांनी वर्गणी सुरू केली त्यांचा नातू आज त्याच मंडळाचा खजिनदार आहे, अशी उदाहरणे कोकणात विरळा नाहीत.

आपली पेटी

आपण इथले लोकही चाकरमानीच. फक्त बोटीऐवजी विमान आणि ट्रंकेऐवजी २३ किलोच्या दोन बॅगा. जाताना चॉकलेटे, येताना कोकम, कुळथाचे पीठ आणि मेतकूट. परदेशातून भारतात येणारी रक्कम २०२२ साली १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली, म्हणजे मनीऑर्डरचा वंश चांगलाच वाढला. पण एक मोठा फरक आहे. गिरणी कामगाराला गाव हवे होते, कारण त्याच्या म्हातारपणाची सोय तिथेच होती. आपली सोय इथल्या निवृत्तीच्या खात्यात आणि विम्याच्या पॉलिसीत आहे. आपण पैसे पाठवतो ते आईवडील आहेत म्हणून. ते नसतील तेव्हा पाठवायचे कोणाला? पुण्यातला किंवा ठाण्यातला तो बंद फ्लॅट आपल्या मुलांना सातबारा वाटणार आहे की नुसती कटकट?

मुले हा प्रश्न विचारतात तेव्हा आपण संस्कृती, मुळे असे मोठे शब्द काढतो. त्यापेक्षा त्यांना ही गोष्ट सांगावी. कोकणातल्या माणसाने गाव टिकवले ते नुसत्या आठवणींवर नव्हे. त्याने दरमहा थोडे थोडे, न चुकता, इतरांबरोबर मिळून काही तरी टाकले आणि त्या पेटीचा हिशेब चोख ठेवला. आपले महाराष्ट्र मंडळ ही त्याच बैठकीच्या खोलीची नात आहे. गणेशोत्सवाची वर्गणी, नाटकाचे तिकीट, मराठी शाळेची फी, या अंकातली एक जाहिरात, हे सगळे त्या पेटीत पडणारे पैसे आहेत. खोलीतल्या माणसांनी मयताचा खर्च आणि आजाऱ्याचे भाडे आधी बाजूला काढले आणि उत्सव नंतर केला, हेही विसरू नये. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची अडचण, एकट्या राहिलेल्या आजींना दवाखान्यात न्यायला गाडी, नोकरी गेलेल्या कुटुंबाला दोन महिन्यांचा आधार, या गोष्टी आपल्या अंदाजपत्रकात ढोल-ताशांच्या वर असाव्यात.

या वर्षीच्या वार्षिक सभेत खजिनदार ताळेबंद वाचायला उभे राहतील तेव्हा नेहमीप्रमाणे अर्धे लोक जेवणाच्या रांगेकडे वळतील. यंदा कॉलेजातल्या मुलामुलींना शेजारी बसवून तो ताळेबंद शेवटपर्यंत ऐकू या, आणि पुढच्या वर्षीची पेटी त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती देऊ या.